जुन्या जीपला टर्बो बसविण्यापूर्वी

पारोळ्याहून धुळ्यास किंवा भुसावळहून जळगावास येताना कडुनिंबाच्या सावलीत बॉनेट उघडे टाकून उभी असलेली जुनी महिंद्रा जीप आणि तिच्या पोटात डोके खुपसून चिंतन करीत बसलेला तिचा धनी, हे दृश्य ज्याने पाहिले नाही त्याने खानदेशचा रस्ता पाहिला असे म्हणण्यास मी तयार नाही. एके काळी ह्याच गाड्यांनी काळा-पिवळा रंग अंगावर घेऊन, आत पंधरा आणि टपावर पाच अशी माणसे लादून, चोपडा, यावल, रावेरकडील खेड्यापाड्यांची वाहतूक सांभाळली. पुढे त्या निवृत्त झाल्या, कोणाच्या केळीच्या मळ्यात तर कोणाच्या गोठ्यामागे जाऊन पडल्या, आणि आता त्यांना हुडकून, पत्रा ठोकून, रंग देऊन पुन्हा रस्त्यावर आणण्याचा छंद आमच्याकडील तरुणांत बराच फैलावला आहे. ह्या छंदास माझा विरोध असण्याचे कारण नाही, कारण मी स्वतः त्याच रोगाचा जुना रोगी आहे. परंतु पत्रा आणि रंग झाला की ह्या तरुणांच्या मनात हमखास येणारा दुसरा विचार टर्बोचा असतो, आणि "कोणता टर्बो बसवू?" हा सवाल घेऊन ते माझ्याकडे येतात तेव्हा उत्तर देण्यास एक संध्याकाळ पुरत नाही, असा वारंवार अनुभव आल्यामुळे ते एकदा लिहूनच ठेवावे असे ठरविले.

टर्बोचे तत्त्व सोपे आहे. सिलिंडरातून बाहेर फेकला जाणारा धूर उष्ण असतो, वेगवान असतो, आणि त्याची ती उष्णता व तो वेग सायलेन्सरवाटे फुकट जातो. त्या धुराच्या वाटेत पंख्यासारखे एक चक्र बसवून, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास दुसरे चक्र जोडले आणि त्याच्याकडून बाहेरची हवा दाबून इंजिनास पुरविली, तर तेवढ्याच सिलिंडरात अधिक हवा मावते, अधिक हवेत अधिक डिझेल स्वच्छ जळते, आणि गाडी चढाला दम धरते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी नामक अभियंत्याने ह्या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस ह्यांनी लिबर्टी जातीचे विमानाचे इंजिन सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीक शिखरावर नेऊन, विरळ हवेतही टर्बोच्या साह्याने इंजिनाची शक्ती टिकते हे प्रत्यक्ष दाखवून दिले. आमच्या तोरणमाळची उंची त्या शिखराच्या चौथ्या हिश्श्याहून थोडीशीच अधिक. पण हवा विरळ होण्यासाठी डोंगरच चढावा लागतो असे नाही. ती उन्हानेही विरळ होते, आणि ह्या बाबतीत खानदेश कोणाला हार जाणारा प्रांत नव्हे.

ह्या उन्हाचा हिशेब मांडल्याखेरीज टर्बोची निवड करणे म्हणजे माप न घेता अंगरखा बेतणे होय. म्हणून वाचकांनी थोडे गणित सोसावे. महिंद्राच्या जीपगाड्यांवर सर्वांत अधिक आढळणारे डीआय जातीचे इंजिन घ्या. त्याच्या सिलिंडरचा व्यास ८८.९ मिलिमीटर, पिस्टनची धाव १०१.६ मिलिमीटर, आणि चार सिलिंडर मिळून त्याची घनक्षमता २,५२३ घनसेंटिमीटर. मिनिटास ३,००० फेरे घेताना असे इंजिन दर दोन फेऱ्यांस एकदा आपले पोट हवेने भरते, म्हणजे कागदोपत्री ३,७८५ लिटर हवा ओढते. व्हॉल्व्हच्या आणि नळ्यांच्या अडथळ्यामुळे प्रत्यक्षात शेकडा ८५ धरली, तर सुमारे ३,२०० लिटर. समुद्रसपाटीस १५ अंश तापमानाला ह्या हवेचे वजन चार किलोंच्या जवळ जाते. तीच हवा जळगावात, मे महिन्याच्या भर दुपारी, पारा ४५ अंशांवर असताना मोजली, तर साडेतीन किलोही भरत नाही. रुपयातले जवळजवळ दोन आणे हवा गेली, आणि त्यातली बहुतेक उन्हाने खाल्ली! "उन्हाळ्यात गाडी लोड घेत नाही" ही काळी-पिवळीवाल्यांची जुनी तक्रार कल्पित नव्हती; तिच्या मुळाशी हे गणित होते.

आता टर्बोने हीच हवा ०.६ बार दाबाने कोंबली असे समजा. दाब दीडपटीहून थोडा अधिक झाला, पण हवा दाबली की तापते, हा सृष्टीचा नियम सायकलचा पंप मारणाऱ्या प्रत्येक मुलास ठाऊक असतो. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता शेकडा ६८ धरली तर १५ अंशांची हवा ७५ अंशांच्या आसपास तापून बाहेर पडते. आमची ४५ अंशांची हवा मात्र ११० अंश ओलांडून जाते. दाबाने मिळविलेले बरेचसे ही उष्णता परत घेऊन जाते, आणि साठ टक्के दाब वाढवूनही वजनाने हवा एक-तृतीयांशानेच वाढते. मध्ये इंटरकूलर घातला, म्हणजे तापलेल्या हवेस रेडिएटरसारख्या एका जाळीतून फिरवून सत्तर अंशांच्या खाली आणले, तर तीच वाढ जवळजवळ पन्नास टक्क्यांपर्यंत चढते. म्हणून माझे पहिले मत असे की खानदेशात इंटरकूलरशिवाय टर्बो बसविण्याच्या भरीस पडू नये. थंड देशातील पुस्तके कमी दाबाच्या टर्बोस इंटरकूलरची आवश्यकता नाही असे म्हणतात. ती पुस्तके लिहिणाऱ्यांनी भुसावळचा मे महिना काढलेला नाही.

ह्या गणितातून निवडीचा आकडा मिळतो तो असा: आपल्या २,५२३ घनसेंटिमीटरच्या इंजिनास, ३,००० फेऱ्यांवर, इंटरकूलरसह, मिनिटास सुमारे पाच किलो हवा हवी. टर्बोचे कारखानदार प्रत्येक कॉम्प्रेसरचा एक नकाशा प्रसिद्ध करतात. त्याच्या आडव्या अक्षावर मिनिटास किती पौंड हवा वाहते ते, आणि उभ्या अक्षावर दाबाचे गुणोत्तर असते, आणि मध्ये पर्वताच्या उंचीरेषांसारखी कार्यक्षमतेची बेटे काढलेली असतात. आपले पाच किलो म्हणजे अकरा पौंड, गुणोत्तर १.६. हा बिंदू ज्या नकाशात मधल्या बेटावर पडेल तो कॉम्प्रेसर आपला. एवढ्यावर मात्र थांबू नये, कारण जीपचे आयुष्य ३,००० फेऱ्यांवर जात नाही, ते चढावर १,६०० फेऱ्यांवर जाते. तेथे हवा सहा पौंडांच्या आत येते, आणि तो बिंदू जर नकाशाच्या डाव्या कडेच्या 'सर्ज'रेषेपलीकडे गेला, तर दाबलेली हवा उलट फिरून कॉम्प्रेसरच्या तोंडातून बाहेर येऊ पाहते, धापा टाकल्यासारखा आवाज होतो आणि दांड्याची बेअरिंगे झिजून जातात. एक बिंदू वरचा आणि एक बिंदू खालचा, असे दोन्ही नकाशावर मांडल्यावाचून टर्बोस हात लावू नये.

हे शहाणपण मला पुस्तकातून आले असे नाही. काही वर्षांपूर्वी, कायद्याची आणि गणिताची दोहोंची ओळख होण्याच्या आधी, टाटांच्या एका मोडीत निघालेल्या ट्रकचा टर्बो मला स्वस्तात मिळाला आणि तो मी माझ्या जीपच्या मॅनिफोल्डवर वेल्डिंग करून चढविला. त्या ट्रकचे इंजिन '६९७' नावाचे होते; टाटांच्या ह्या नामकरणात पहिला आकडा सिलिंडरांचा आणि पुढचे दोन सिलिंडरच्या व्यासाचे असतात, म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर व्यासाचे, एकूण पावणेसहा लिटरच्या जवळपास. अडीच लिटरच्या जीपने त्या प्रचंड चक्रास फिरवावे तरी कसे? मळ्याच्या रस्त्यावर ती २,५०० फेऱ्यांपर्यंत पूर्वीपेक्षाही मठ्ठ चालली, कारण धुराची वाट त्या अवजड चक्राने अडविली होती. आणि २,५०० फेऱ्यांच्या पुढे, जेव्हा टर्बोस जाग आली, तेव्हा तिच्या गिअरचा शेवट आला होता. दोष ट्रकचा नव्हता, टर्बोचाही नव्हता. मोठा टर्बो म्हणजे मोठी शक्ती, ही माझी समजूत सदोष होती, आणि ती आजही अनेकांची आहे.

कॉम्प्रेसरइतकेच लक्ष टर्बाइनकडे द्यावे. तिच्या कवचावर 'ए/आर' म्हणून एक अपूर्णांक कोरलेला असतो. तो जितका लहान, तितकी धुराची वाट निमुळती, आणि तितका टर्बो लवकर जागा होतो. गॅरेटच्या टी३ मालिकेत हा आकडा ०.३६, ०.४८, ०.६३ आणि ०.८२ असा चढत जातो. शर्यतीच्या पेट्रोल गाड्यांचे लोक मोठ्या आकड्याकडे धावतात. आपल्या संथ डिझेलने लहान आकड्याकडे जावे आणि वरच्या फेऱ्यांत दाब मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून 'वेस्टगेट'चे झाकण असलेलाच टर्बो घ्यावा. मापाचा अंदाज यावा म्हणून सांगतो: मित्सुबिशीच्या ४डी५६ ह्या २,४७७ घनसेंटिमीटरच्या डिझेल इंजिनावर टीडी०४ मालिकेचा टर्बो असे, आपल्या तळहातावर मावेल एवढेच त्याचे कॉम्प्रेसर-चक्र. नव्या गाड्यांतून निघालेले, पाती हलवून आपली वाट लहानमोठी करणारे टर्बो मोडीच्या बाजारात मुबलक मिळतात आणि तत्त्वतः ते उत्तमही असतात. परंतु ती पाती हलविण्याची अक्कल त्या गाडीच्या संगणकात असते, आणि संगणक मागे ठेवून नुसता टर्बो आणणे म्हणजे वराला मागे ठेवून वरात आणणे होय.

एवढे सर्व सांगितल्यावर माझा खरा सल्ला असा आहे की हे गणित कारखान्याने आपल्यासाठी आधीच सोडविले आहे की काय ते प्रथम पाहावे. महिंद्राने २०१० साली 'थार' बाजारात आणली, तिच्या डीआय प्रकारात हेच २,५२३ घनसेंटिमीटरचे इंजिन टर्बोसह होते. वाचकांनी तिच्या आकड्यांवर क्षणभर थांबावे: शक्ती ६३ अश्वशक्ती, आणि पीळ १८२.५ न्यूटन-मीटर, तोही १,५०० ते १,८०० फेऱ्यांवर. म्हणजे कारखान्याने टर्बो घातला तो वेगासाठी नव्हे, चढावरच्या दमासाठी. ज्या इंजिनातून सत्तर-पाऊणशे अश्वशक्ती सहज निघाली असती, त्यातून त्याने जाणूनबुजून त्रेसष्टच घेतली. मोठ्या प्रयोगशाळा आणि शेकडो इंजिने हाताशी असलेल्या कारखानदाराने जेथे हात आखडला, तेथे अजिंठा चौफुलीच्या एखाद्या गॅरेजात शंभर अश्वशक्तीचे स्वप्न पाहणाऱ्या माणसाविषयी मला धास्ती वाटते. जुन्या बिनटर्बोच्या जीपला ह्या इंजिनाचा मूळ टर्बो, मूळ मॅनिफोल्ड आणि मूळ तेलनळ्या मिळवून बसविणे हा सर्वांत कमी धोक्याचा मार्ग आहे.

टाटा सुमोची गोष्ट तशीच. १९९४ साली आलेल्या ह्या गाडीचे नाव सुमंत मुळगावकर ह्या मराठी अभियंत्याच्या नावाची आणि आडनावाची आद्याक्षरे जोडून ठेवलेले आहे, हे पुष्कळांना ठाऊक असते. तिच्या इंजिनाच्या '४८३' ह्या नावातला अर्थ मात्र थोड्यांनाच ठाऊक असतो. चार सिलिंडर, ८३ मिलिमीटर व्यास, ९० मिलिमीटर धाव, एकूण १,९४८ घनसेंटिमीटर. आरंभीच्या सुमोत ते बिनटर्बोचे, सत्तर अश्वशक्तींच्या आतले होते. १९९८ च्या सफारीत तेच टर्बो आणि इंटरकूलर घेऊन नव्वदीपर्यंत गेले. सुमोवाल्यांनी बाहेर कोठे शोध न करता ह्या भावंडाकडेच जावे. मात्र दोन्ही ठिकाणी एक गोष्ट ध्यानात असावी: कारखान्याने टर्बो नुसता टांगला नव्हता, त्याबरोबर पिस्टन, डिझेल-पंपाची जुळणी आणि थंडाव्याची व्यवस्था ह्यांतही फेरफार केले होते, म्हणून मूळ टर्बो लावला तरी मूळचा पूर्ण दाब घेऊ नये, अर्धा बार पुरे. पेट्रोलच्या जुन्या गाड्यांविषयी, पद्मिनी असो वा मारुती ८००, मी विस्तार करीत नाही. कार्ब्युरेटर, इग्निशनची वेळ आणि आमचे ऊन ह्या तिघांना एकदम सांभाळून पेट्रोलचा अवेळी स्फोट टाळणे हे घरगुती छंदाचे काम नाही.

आता इंजिनाच्या प्रकृतीकडे वळू. वास्तविक हेच आधी यावयास हवे होते. धुळ्याच्या आग्रा रोडवर ज्या वयोवृद्ध मिस्त्रींच्या हाताखाली मी पाना धरावयास शिकलो, ते गिऱ्हाइकाने टर्बोचे नाव काढले की एवढेच म्हणत, "गाडीमा दम शे का, ते पहिले देख." ह्या अहिराणी वाक्यात अर्धे शास्त्र आहे. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे; परस्परांत ३ बारहून अधिक फरक निघाला तर टर्बोचा बेत तहकूब करून आधी बोअर, रिंगा आणि व्हॉल्व्ह ह्यांचे काम काढावे. इंजिन तापलेले असताना तेल भरण्याचे झाकण उघडून पाहावे. तेथून धुराचे लोट येत असतील तर रिंगांपासून दाब खाली उतरतो आहे असे समजावे. ही खूण क्षुल्लक नव्हे. टर्बोचा दांडा मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतो, तो धातूवर फिरत नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. ते तेल वापरून झाल्यावर निव्वळ आपल्या वजनाने खाली ओघळून इंजिनाच्या तळातील चेंबरमध्ये परत जावयाचे असते. चेंबरमध्येच दाब साठलेला असला तर तेलास परतीची वाट राहत नाही, ते टर्बोतून हवेच्या नळीत उतरते, आणि डिझेल इंजिन स्वतःचेच तेल पिऊन, चावी बंद केली तरी न थांबता पळत सुटते. ज्याने असे सुटलेले इंजिन एकदा पाहिले आहे, तो परतीच्या नळीविषयी पुन्हा निष्काळजी राहत नाही. ही नळी आतून निदान अर्धा-पाऊण इंच रुंद असावी, सर्वत्र उतरती असावी, आणि चेंबरमधील तेलाच्या पातळीच्या वर येऊन मिळावी. तेल टर्बोयोग्य प्रतीचे, १५डब्ल्यू-४० असावे, आणि पूर्वी जितक्या किलोमीटरांनी बदलत होता त्याच्या निम्म्या अंतरावर बदलावे. रुपया खर्चावयाचा असेल तर त्यातले आठ आणे इंजिनावर, आणि उरलेल्या आठांत टर्बोची सर्व वरात, अशी वाटणी मी करीन.

ऊन झाले, धूळ राहिली. आमच्या काळ्या मातीची उन्हाळी धूळ पिठासारखी बारीक असते. तिच्या कणांनी कॉम्प्रेसरची पाती कडेने घासली जातात, आणि घासलेली पाती दाब देत नाहीत. जुन्या जीपगाड्यांचे तेलात हवा धुणारे फिल्टर त्या काळास योग्य होते, पण टर्बोची ओढ त्यांना सोसत नाही. ही ओढ तेलच उचलून आत नेते. त्याऐवजी मोठा, कोरडा, कागदी फिल्टर, शक्य तर ट्रॅक्टर वा छोट्या मालवाहू गाडीचा, घ्यावा आणि त्यास हवा बॉनेटखालून न घेता बाहेरून, उंचावरून द्यावी. इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे बसविला तर त्याला वारा मिळतो, पण रेडिएटरकडे जाणारा वारा तापतो. इंजिनाच्या माथ्यावर बसविला तर रेडिएटर सुखी राहतो, पण इंटरकूलर इंजिनाच्याच झळीत भाजतो. मी पुढचीच जागा पसंत करतो, मात्र रेडिएटरचा कोअर आधी नवा, अधिक ओळींचा करून घेऊन, आणि पंख्याभोवती पत्र्याचे कडे घालून. कपाशीच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्याने येजा करणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा दोन्ही जाळ्या पुढून पाहाव्यात. कापसाच्या तंतूंनी विणलेली गोधडी तेथे सापडते.

टर्बो हवा देतो. डिझेल देणे पंपाच्या हाती. आमच्याकडे त्यास अद्याप मायको पंपच म्हणतात, जरी मायको ह्या कंपनीचे नाव २००८ साली बॉश झाले. टर्बो बसविल्यावर "पंप वाढवून द्या" असे मिस्त्रीस सांगण्याचा मोह प्रत्येकास होतो, आणि बहुतेक पिस्टन ह्याच वाक्याने वितळतात. पंप बाकावर चढवून, मोजून, कॅलिब्रेशन करणाऱ्या माणसाकडेच न्यावा, आणि दाब वाढेल तसे डिझेल वाढविणारा पडदा पंपावर बसविता येत असेल तर अवश्य बसवावा. त्यामुळे दाब येण्यापूर्वीचा काळा धूर टळतो. माझ्या मते टर्बोइतकीच निकडीची वस्तू पायरोमीटर ही आहे. धुराचे तापमान मोजणारी त्याची सुई टर्बाइनच्या अलीकडे, मॅनिफोल्डमध्ये बसवावी. पलीकडे बसविलेली सुई शंभर-दीडशे अंश कमी दाखवून फसविते. लांब चढावर काटा ६५० अंशांच्या खाली राहिला पाहिजे. ७०० अंश दिसताच पाय उचलावा आणि खालचा गिअर टाकावा. हा काटा नसलेल्या टर्बोच्या गाडीत मी कन्नडच्या घाटाने बसणार नाही.

जुना टर्बो विकत घेताना दोन्ही तोंडे उघडून, हात आत घालूनच पारखावा. दांडा बाजूस किंचित हलला तर घाबरू नये, तरंगत्या बेअरिंगात तेवढी मोकळीक असतेच; पण पुढेमागे ओढून जाणवण्याइतका हलला, किंवा पाती कवचास घासल्याची खूण दिसली, तर विक्रेत्याने कितीही शपथा घेतल्या तरी ती वस्तू घेऊ नये. टर्बाइनच्या कवचास, विशेषतः वेस्टगेटच्या छिद्राजवळ, चिरा पडल्या आहेत काय ते उजेडात धरून पाहावे. आतील गाभा बदलून "नवा" केलेला टर्बो असेल, तर तो यंत्रावर तोलून घेतल्याचा दाखला मागावा. एकदा एका दुकानातून मी दाखल्याशिवाय घेतलेला गाभा दीडशे किलोमीटरांत शिटी वाजवू लागला आणि दोनशेव्यात गेला. आपल्या आग्रा रोडने इंदूर ओलांडून पुढे गेले की देवास लागते, आणि त्या देवासात ट्रकांच्या टर्बोंचा मोठा कारखाना आहे. असे असता बनावट खोक्यातील मालासाठी आपण पैसे मोजावेत ह्याचा मला विषाद वाटतो.

बसविल्यानंतर पहिल्याने डिझेल बंद ठेवून, स्टार्टरवर इंजिन फिरवून, परतीच्या नळीतून तेल गळू लागेतो थांबावे. कोरड्या दांड्यावर घेतलेला पहिला फेरा हाच अनेक टर्बोंचा शेवटचा ठरतो. रोजच्या वापरात गाडी सुरू केल्यावर अर्धा मिनिट आणि घाट चढून आल्यावर दोन मिनिटे इंजिन संथ चालू ठेवावे, म्हणजे तापलेल्या बेअरिंगात तेल करपत नाही. आणि ज्या जीपला चारही चाकांस ड्रमचे ब्रेक आहेत, तिला वाढीव दम देणाऱ्याने त्या ब्रेकांचे लायनर, सिलिंडर आणि नळ्या त्याच आठवड्यात नव्या करून घ्याव्यात. कोंडाईबारीचा किंवा बिजासनचा घाट चढता आला म्हणून उतरता येतो असे नाही.

राहता राहिला सरकारी भाग, तो मी शेवटी ठेवला असला तरी करावयाच्या क्रमात पहिला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे सांगते की नोंदणीच्या दाखल्यातील तपशील कारखानदाराने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाने करू नये. आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२-अ कलम नव्याने लिहिले गेले. त्यानुसार नियमबाह्य फेरफाराबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अपघात घडल्यास विमा कंपनीही प्रथम नोंदणीचा दाखलाच मागते. शिवाय पंधरा वर्षे पुरी झालेल्या गाडीस दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यावे लागते, तेव्हा निरीक्षक बॉनेट उघडतो; आणि जुन्या डिझेल गाडीचा धूर ६५ हार्टरिज एककांच्या आत असावा लागतो, तो वाढविलेल्या पंपाने राहत नाही. म्हणून एमएच-१८ असो वा एमएच-१९, आपल्या परिवहन कार्यालयात आधी रीतसर अर्ज द्यावा, त्यास कारखान्याच्या टर्बोयुक्त इंजिनाचा तपशील जोडावा, आणि लेखी मंजुरी हाती आल्यावाचून ती गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणू नये. ज्यांनी अद्याप गाडी घेतलेली नाही त्यांचे काम अधिक सोपे आहे: त्यांनी कारखान्यातूनच टर्बोसह निघालेली जुनी गाडी शोधावी आणि तिचा थकलेला टर्बो त्याच मापाच्या नव्या टर्बोने बदलावा, तेथे फेरफाराचा प्रश्नच उद्भवत नाही.

माझ्या स्वतःच्या जीपसाठी मी अर्ज दिला आहे. उत्तर येईपर्यंत थारच्या मापाचा टर्बो तेलाच्या फडक्यात गुंडाळून फडताळात ठेवला आहे, आणि जीप कन्नडचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढते.